उभं जाळं

आमच्या घरातलं जाळं बोयाशिवाय उंबरा ओलांडत नाही. बोया म्हणजे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तुकडा, मुठीत मावेल एवढा. भोक पाडून असे तुकडे जाळ्याच्या वरच्या काठाला ओळीने बांधायचे. ते तरंगतात म्हणून जाळं पाण्यात धरून राहतं. एवढं आमच्या राजिवड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्याकडे ह्याला दुसरंही एक कारण आहे, आणि ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

दर्याने माणूस नेला आणि मयत परत दिलं नाही, तर त्याच्यासाठी आम्ही एक जाळं विणतो. बिनबोयाचं. घरातली बाई विणते, घरातला पुरुष ते होडीतून नेऊन सोडतो, आणि सोडताना विणणारीने त्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव ऐकलं की जाळं सरळ तळाला जातं आणि आपल्या माणसावर पसरतं. तेच त्याचं कफन. मौलवीसाहेबांना हे मुळीच पसंत नाही. पण मौलवीसाहेबांना भाट्याची खाडी ओलांडतानासुद्धा उलटी होते, त्यांनी दर्यातलं मला सांगू नये. माझा नवरा अली जयगडच्या पुढे गलबतासकट गेला तेव्हा मी त्याच्यासाठी असं जाळं विणलं, आणि छातीभर पाण्यात उभी राहून त्याला हाक मारली.

सासू तेव्हा म्हणाली होती, "कनीज, नाव घ्यायला विसरू नको हां. बिननावाचं सोडलं तर ते बुडत नाही. उभं राहतं आणि माणूस शोधत फिरतं. दुसरा नाही मिळाला तर सोडणाऱ्यालाच घेतं."

मी रडत होते म्हणून उलट बोलले नाही. एरवी बोलले असते.

आणे जाऊन नवे पैसे आले त्याच्या आदल्या साली हातखंब्याचा रावजी माझ्या अंगणात आला. हा रावजी म्हणजे मुंबईच्या कुठल्याशा ठेकेदाराचा इथला माणूस. डोक्याला तेल इतकं की माशी बसली तर घसरेल. बरोबर एक जाळं होतं, त्याला हिरव्या नि खाकी चिंध्या लोंबत होत्या.

"चाची, अशी पुष्कळ हवीत. लष्करासाठी," तो म्हणाला.

"लष्कर आता मासे मारतंय काय?"

"तोफा झाकायला. वरून विमान आलं तर खाली झाड आहे असं दिसलं पाहिजे."

"मग झाडंच लावा की मेल्यांनो. सावली तरी मिळेल."

तो हसला. पण काम चांगलं होतं. अली गेल्यापासून राजिवड्यातल्या विणणाऱ्या बायका माझ्या शब्दावर चालायच्या, आणि पावसाळ्यात त्यांच्या हाताला काही नसायचं. मी नमुना हातात घेतला. गाठी ढिल्या, सूत कच्चं. मुंबईच्या कोणातरी आळशी बाईचं काम. आणि काठाला एकही बोया नाही.

"ह्याला बोये लागतील," मी म्हटलं.

"चाची, हे पाण्यात कुठे जायचंय?"

"कुठे का जाईना. माझ्या घरातून जातंय ना?"

नमुन्याप्रमाणेच पाहिजे, साहेब नापास करेल, असं तो बरंच काही बडबडला. मी हो म्हटलं आणि मला करायचं तेच केलं. बोया खाकी चिंधीत गुंडाळला की तो चिंध्यांतच मिसळून जातो, हात लावल्याशिवाय कळत नाही. शिवाय आम्ही आमच्या जाळ्यांसारखीच तीही ऐनाच्या सालीत उकळून काढली. म्हणजे कुजायला नको. साहेबाने म्हणे रंगाची फार तारीफ केली. साहेबाने जाळं उलगडून हात लावला असता तर बोया सापडला असता. त्याने उलगडलंच नाही.

पुढच्या पावसाळ्यात रावजी पुन्हा आला, तर नवीन सूत न आणता जाळ्यांचे गठ्ठेच घेऊन.

"ह्या चिंध्या जरा विटल्यात चाची. काढून नव्या बांधून द्या. बास, एवढंच."

मी गठ्ठा सोडला. आमचीच जाळी होती. अजरा, माझी सून, घडी घालताना शेवटचं टोक आत खुपसते, ते तसंच्या तसं आत होतं. गठ्ठा बांधलेला सुटलाच नव्हता. कुठली तोफ आणि कुठलं विमान!

"रावजी, ही वापरलीच नाहीत."

"लढाई नाही ना चाची. वापरणार कुठे?"

"मग चिंध्या बदलायच्या कशाला?"

त्याच्या ट्रकच्या ड्रायव्हरला हसू आवरलं नाही. मला काय समजायचं ते समजलं. तीच जाळी सरकारला दुसऱ्यांदा विकायची होती. नव्या चिंध्या लावल्या की नवं जाळं. वखार तीच, गठ्ठे तेच, पास करणारा साहेबही तोच.

"आपल्याच सरकारला फसवतोस?" मी म्हटलं. "गोऱ्यांना फसवलं असतंस तर चहा तरी पाजला असता."

"चाची, हे वरपासून ठरलेलं असतं. तुम्ही गाठी मारा."

मी गठ्ठे त्याच्या ट्रकमध्ये परत फेकायला लावले. त्याने ते काम गुहागरकडच्या बायकांकडून करून घेतलं असं नंतर कानावर आलं, आणि त्याच्या पुढच्या सालीही केलं. आमचा संबंध संपला असं मी समजत होते.

संपला नव्हता. माझा एकुलता एक मुलगा मजीद आमच्या शिडाच्या मचव्याचा तांडेल, होडी त्याच्या हुकमावर चालायची. त्या सालच्या नारळी पुनवेनंतर मासेमारी सुरू झाली तरी तो घरातच बसू लागला. कधी ताप, कधी पाठ. बसल्या जागी त्याची बोटं चालायची. चादरीच्या टोकाला, लुंगीच्या काठाला, बाजेच्या सुतळीला गाठ मारायचा, आणि ती साधी गाठ नव्हे, विणकरणीची. ती गाठ मी त्याला कधी शिकवलेली नाही. आमच्यात पुरुष ती शिकत नाहीत.

"कोणी शिकवली रे ही?"

तो हाताकडे बघायचा, जसा हात दुसऱ्याच कोणाचा आहे.

मग बाबल्या आला. आरे गावचा म्हातारा मच्छीमार, अलीचा दोस्त. दारातच बसला, पाणीही घेतलं नाही.

"कनीजबी, आमच्याकडे दर्यात रान उभा हाय."

"सकाळीच घेतलीस काय?"

"मस्करी नाय. आऱ्याच्या समोर, पाण्यात झाडी उभी. हिरवी. पानं हलतात. आज आऱ्यात, उद्या शेजारच्या वारे गावात. वारा इकडून तर ता तिकडे चालतंय. कोण होडी घालीत नाय तिकडे. पाखरां बसतात त्याच्यावर, पण ओरडत नाय एक पण."

मजीद आतल्या खोलीत होता. बाबल्या बोलायला लागला तशी बाजेची करकर थांबली.

त्याच आठवड्यात अजराने शिंगाळा कापायला घेतला. मोठा मासा, पोट टम्म. विळीवर घेतला आणि तिने मला हाक मारली, ती हाक ऐकूनच मी धावले. माशाच्या पोटातून चिंधी निघाली होती. ती ओढत होती आणि चिंधी संपत नव्हती. खाकी, हिरवी, पुन्हा खाकी, एकीला एक बांधलेली. टोकाला जाळ्याचा तुकडा, आणि त्याला गाठ. मी ती गाठ माझ्या डोळ्यांपुढे धरली. ऐनाच्या सालीचा रंग. माझ्या हातची गाठ.

माझी जाळी दर्यात, आणि मजीद घरात. मी अजराला विचारलं, "मजीदने मागे जळण म्हणून एक पोतं आणलं होतं, ते कुठे आहे?"

"मागीलदारी. ते जळत नाही अम्मा. नुसता धूर होतो. मी ठेवून दिलं."

मी पोतं उपडं केलं. पांगाऱ्याचे बोये. खाकी चिंधीत गुंडाळलेले, कोयत्याने तोडलेले. ढीगच पडला माझ्या पायाशी.

मी मजीदसमोर जाऊन उभी राहिले. मारायला हात उचलला होता, पण त्याचं तोंड बघून खाली घेतला.

"दिल्लीहून नवा साहेब यायचा होता," तो म्हणाला. "वखार बघायला. तेच गठ्ठे तीनदा विकलेत हे उघड झालं असतं. रावजी म्हणाला, वखारीला पाणी लागून सगळं कुजलं असं दाखवतो, तू फक्त खोल दर्यात नेऊन टाक."

"आणि तू गेलास."

"नाही म्हटलं तर म्हणाला, विणलीत तुझ्या आईने, पहिलं नाव तिचंच सांगेन."

"सांगू दे होतं! मी बघून घेतलं असतं."

"तू बघून घेतलं असतंस अम्मा. मला बघवलं नसतं."

मी त्याच्याजवळ बाजेवर बसले. मग विचारलं, "बोये का तोडलेस?"

"पहिला गठ्ठा टाकला तर तो तरंगला. रावजी होडीत होता. तो ओरडला, काप, काप ते. सगळे कापले. एक ठेवला नाही."

"आणि सोडताना कोणाचं नाव घेतलं?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. कोणाचं घेणार? मेलंच कोण होतं?

"बुडाली काय मग?"

"थोडी खाली गेली," मजीद म्हणाला, "आणि मग उभी राहिली. सगळी एकत्र. आम्ही किल्ल्याचं टोक वळेपर्यंत मागे दिसत होती. त्यानंतर मी जिथे मचवा नेला तिथे ते समोर आलं, म्हणून घरी बसलो. परवा किनाऱ्यावरून बघितलं तर भाट्याच्या तोंडाशी आलं होतं, अम्मा. घराजवळ येतंय."

सासूचे शब्द मला आठवले ते मी त्याला सांगितले नाहीत. त्याला ठाऊक होते. आमच्या घरात कोणाला ठाऊक नाहीत?

मी रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही. चूल पेटवून चहा होईपर्यंत माझं ठरलं होतं. जाळ्याला बोये परत बांधायचे. बोया बांधला की ते मयताचं राहत नाही, जित्या माणसाचं जाळं होतं. मग ओढून किनाऱ्यावर घ्यायचं, त्या दिल्लीच्या साहेबाच्या पायाशी टाकायचं, आणि रावजीचं तेलकट डोकं त्याच्यावर घासायचं. मुलगा वाचेल आणि रावजी बुडेल. मला दोन्ही हवं होतं, खोटं कशाला बोलू.

दिल्लीचा साहेब डाकबंगल्यावर उतरला होता. मी गेले तर रावजी त्याला आंबोळी वाढत होता. साहेब तरुण, पांढरे बूट.

"साहेब, तुमची जाळी कुजलेली नाहीत," मी म्हटलं. "आज ती आरेच्या समोर दर्यात आहेत. दुपारी किनाऱ्यावर या, काढून दाखवते."

रावजीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग म्हणाला, "साहेब, ही आमची चाची. नवरा गेल्यापासून जरा..." आणि कपाळाजवळ बोट फिरवलं.

"नवरा गेल्यापासून जरा जास्तच दिसतं मला," मी म्हटलं. "आंबोळीला तूप लाव, साहेबाला कोरडी देतोस?"

साहेब हसला, पण येतो म्हणाला.

बाई मचव्यावर चढली म्हणून एक खलाशी उतरून गेला. बाकी दोघे राहिले, बाबल्याच्या शब्दाखातर. बाबल्या सुकाणूवर, मजीद पुढे, आणि मी मध्ये बोयांच्या पोत्याजवळ. किल्ल्याचं टोक वळलं, काळबादेवीचा किनारा मागे पडला. ऊन कडक होतं. वाटभर मजीदची बोटं चालत होती.

आरेच्या पुढे आलो आणि लाटेचा आवाज गेला. लाट होती, दिसत होती, आवाज नव्हता.

ते समोर उभं होतं. बाबल्या रान म्हणाला ते खरंच होतं. पाण्याच्या जरा खालून वर आलेलं, मचव्याच्या शिडाइतकं रुंद, आणि मागे आणखी, आणि आणखी. चिंध्या पानांसारख्या हलत होत्या, पण वारा ज्या बाजूला होता त्याच्या उलट. वर पाखरं बसलेली, गप्प. जाळ्यात मासे अडकले होते, लहान मोठे, एक कासवही. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. बाबल्याने मचवा वळवून दुसऱ्या बाजूने नेला. तोंडं आमच्याकडेच. मग माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे नाही, मजीदकडे.

"मागे हो," मी त्याला म्हटलं. "पाण्यात हात घालू नको."

मी ओणवी झाले आणि काठ धरला. थंड होता, विहिरीतल्या दोरासारखा. माझ्या गाठी. एकही सुटलेली नव्हती, एकही सैल नव्हती. उभ्या जन्मात मला माझ्याच कामाचा असा राग आला नव्हता.

एक बोया बांधला. जाळं हललं नाही. दुसरा बांधला, तिसरा. चौथ्याला खालून ओढ आली. मासा ओढतो तशी नाही. लहान मूल पदर ओढतं तशी, हलकी, पुन्हा पुन्हा. मी बांधत राहिले. लांब आरेच्या वाळूवर काळी छत्री ठिपक्याएवढी दिसत होती, साहेबाची, आणि शेजारी रावजी. आणखी थोडे बांधले असते तर दोर अडकवून ओढून घेतलं असतं. इतकंच राहिलं होतं.

"अम्मा, हात आत घे, ते तुला ओढतंय," मजीद म्हणाला, आणि माझं ऐकलं नाही. माझा दंड धरायला पुढे वाकला.

जाळं मला सोडून त्याच्याकडे वळलं. उचललं गेलं नाही, झेपावलं नाही, नुसतं वळलं, जसं माणूस हाक ऐकून वळतो. त्याचा हात कोपरापर्यंत आत होता. मग खांद्यापर्यंत. तो ओरडला नाही. त्याच्या दुसऱ्या हाताची बोटं मचव्याच्या काठावर तीच गाठ मारत होती, आणि काठ सोडत होती.

मी कमरेला धरलं त्याला. खलाशाने पाय धरले. मचवा कलला, बोयांचं पोतं पाण्यात गेलं. कोयता होता, पण तो बोयाच्या दोरीला चालतो, माझी गाठ कोयत्याला ऐकत नाही. ऐनाच्या सालीत उकळलेली आहे ती.

जाळ्याला नाव हवं होतं. मला कळत होतं. किनाऱ्यावर रावजी उभा होता, आणि त्याचं नाव माझ्या जिभेवर आलंही होतं. पण रावजी जिता होता. कफन जित्या माणसावर घालायला माझ्या सासूने मला शिकवलं नव्हतं. आणि साहेबाला दाखवायचं जाळं एकदा खाली गेलं की परत येणार नव्हतं, रावजी मोकळा सुटणार होता, हेही मला तेवढ्यात कळलं. एवढं सगळं कळायला वेळ लागत नाही.

"अली!" मी हाक मारली. "अली, हे तुझं. सगळं तुझं. घे, आणि पोराला सोड!"

पाखरं एकदम उडाली आणि ओरडली. लाटेचा आवाज परत आला, कानात मारल्यासारखा. जाळं खाली गेलं. हळूहळू नाही, दार लावावं तसं. माझे बांधलेले बोये त्याच्याबरोबर गेले, पांगाऱ्याचं लाकूड दगडासारखं गेलं. मजीद माझ्या अंगावर पडला. हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत जाळ्याच्या घरांचे वळ होते. ते अजून आहेत. पण बोटं थांबली होती.

किनाऱ्यावर उतरले तेव्हा मी नखशिखांत भिजले होते. साहेबाने स्वच्छ दर्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, इथे काही नाही."

"आत्ता नाही," मी म्हटलं.

"मी म्हटलं होतं साहेब," रावजी म्हणाला, आणि माझ्यासमोर अंगावरचा पंचा धरला. "पुसा चाची. सर्दी होईल."

मी पंचा घेतला नाही. साहेबाने बुटांवरची वाळू झटकली आणि जीपमध्ये बसून गेला. जाळी वखारीत कुजली असंच दिल्लीत समजले असणार, कारण दिवाळीनंतर रावजी माझ्या अंगणात पुन्हा उभा होता. नव्या रेशमी शर्टात. हातात तोच नमुना.

"नवीन मागणी आली चाची. कुजली ना सगळी, मग नवीन घ्यावीच लागतात. गाठी तुमच्यासारख्या कोणाच्या नाहीत. साहेब पण म्हणाले."

अजरा माझ्याकडे बघत राहिली. मजीद ओसरीवर शीड शिवत होता, त्याने मान वर केली नाही.

"विणेन की," मी म्हटलं. "बस. एक तर तयारच आहे."

मी आतून ते आणलं. आरेहून आल्यापासून मी फावल्या वेळात विणत होते. साधं, पांढऱ्या सुताचं, माणसाच्या अंगापुरतं. रावजीने ते हातात घेऊन काठ चाचपला. एकदा, पुन्हा एकदा. त्या दिवशी होडीत कापायला तोच ओरडला होता, त्यामुळे काय नाही ते त्याला बरोबर कळलं.

"ह्याला बोये नाहीत चाची."

"नाहीत."

"कोणाचं हे?"

"नाव अजून घेतलेलं नाही," मी म्हटलं. "तू जरा वखारीचा विचार कर, मी जरा नावाचा करते."

त्याने जाळं खाली ठेवलं, फार जपून, झोपलेल्या मुलाला ठेवतात तसं. नमुना तिथेच विसरला. त्यानंतर त्याने जाळी कुठून घेतली, घेतली का नाही, मला ठाऊक नाही. लोक सांगतात, तो आता भाट्याची खाडी ओलांडायला तरीच्या होडीतही बसत नाही, लांबच्या रस्त्याने वळसा घालून जातो, आणि पावसात अंगणात पाणी साचलं की घराबाहेर पाऊल टाकत नाही.

मजीद पुन्हा दर्यात जातो. ते पांढरं जाळं मी पडवीत खुंटीला टांगून ठेवलं आहे. अजरा म्हणते, उतरवा अम्मा, ते हलतं. मी तिला सांगते, हलू दे. हातखंब्याच्या बाजूला तोंड करून हलतंय तोवर आपल्याला काय त्याचं?